बावीस नॉटचा हट्ट : ब्रिटिश 'थेम्स' वर्गातील तीन पाणबुड्यांचे प्रकरण

१९२९ ते १९४६ या सतरा वर्षांत ब्रिटिश आरमाराच्या तीन पाणबुड्या आखल्या गेल्या, बांधल्या गेल्या, लढल्या आणि संपल्या. थेम्स, सेव्हर्न आणि क्लाइड ही त्यांची नावे ब्रिटनमधील नद्यांवरून ठेवलेली होती. मुख्य ताफ्याच्या खांद्याला खांदा लावून धावेल अशी पाणबुडी बांधण्याचा ब्रिटनने केलेला हा शेवटचा प्रयत्न. वीस बांधायच्या ठरल्या होत्या आणि तीन बांधल्या गेल्या. या दोन आकड्यांच्या मध्ये काय घडले, कोणते निर्णय कोणत्या क्षणी घेतले गेले आणि कोणते घ्यायचे राहून गेले, हे येथे पाहायचे आहे.

प्रकरणातील अधिकाऱ्यांची आणि कप्तानांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. या निर्णयांना एखाद्या माणसाच्या लहरीपेक्षा एका मोठ्या खात्याची विचार करण्याची सवय अधिक कारणीभूत होती, आणि नावे घातली की वाचकाचे लक्ष सवयीवरून माणसाकडे वळते.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश आरमाराच्या डोळ्यांसमोर भावी युद्धाचे एकच चित्र होते. उत्तर समुद्रात दोन प्रचंड ताफे समोरासमोर येतील, बॅटलशिपांच्या रांगा एकमेकींवर तोफा डागतील आणि एका दिवसात समुद्राचे स्वामित्व ठरेल. या चित्रात क्रूझर आणि विनाशिका यांना नेमून दिलेली जागा होती. पाणबुडीलाही जागा द्यायची, तर ती ताफ्याबरोबर रणभूमीपर्यंत पोहोचली पाहिजे आणि तेथे शत्रूच्या रांगेपुढे बुडी मारून टॉर्पेडो सोडण्यासाठी सज्ज राहिली पाहिजे. ताफा वीस-एकवीस नॉटने चालत असे आणि त्या काळच्या पाणबुड्या पंधराच्या आसपास. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. हा पाच-सहा नॉटचा फरक भरून काढणे, एवढ्यावरच पुढील वीस वर्षांची सारी धडपड चालली.

जर्मनीकडे अतिवेगवान पाणबुड्या आहेत अशी चुकीची बातमी आली आणि तिला उत्तर म्हणून 'जे' वर्ग बांधला गेला. पाणी मागे ढकलणारे तीन पंखे (प्रोपेलर) आणि तीन डिझेल इंजिने असूनही त्याचा वेग एकोणीस नॉटच्या आसपासच अडला. याच वर्गातील जे-१ या पाणबुडीने ५ नोव्हेंबर १९१६ रोजी दोन जर्मन बॅटलशिपांवर टॉर्पेडोचे अचूक घाव घातले. मात्र हा पराक्रम तिने ताफ्याबरोबर धावताना केलेला नव्हता. डेन्मार्कच्या किनाऱ्याबाहेर एकटीने गस्त घालत असताना शत्रू तिच्या वाटेवर आला. वर्ग ज्या कामासाठी बांधला त्या कामात नव्हे, तर भलत्याच कामात त्याने यश मिळवले. या घटनेचा अर्थ तेव्हा कोणी नीट लावल्याचे दिसत नाही.

डिझेल इंजिने तेवढी शक्ती देईनात, म्हणून 'के' वर्गात वाफेची टर्बाइने आणली गेली. १०३ मीटर लांबीची ही पाणबुडी पृष्ठभागावर २४ नॉटने धावत असे आणि आरमाराच्या कागदी अपेक्षा तिने पूर्ण केल्या. परंतु पाणबुडीत बॉयलर म्हणजे धुराडी आली, हवा आत घेणारी तोंडे आली, आणि बुडी मारण्यापूर्वी आग विझवून ही सगळी तोंडे बंद करण्याचे काम आले. त्यात साधारण पाच मिनिटे जात. २९ जानेवारी १९१७ रोजी स्कॉटलंडमधील गेअरलॉख या खाडीत चाचणीसाठी बुडी मारताना के-१३ च्या बॉयलरघराची हवेची तोंडे उघडी राहिली आणि ३२ जणांचा जीव गेला. ती वर काढून, दुरुस्त करून, के-२२ या नव्या क्रमांकाने पुन्हा सेवेत आणण्यात आली.

बरोबर एक वर्ष आणि दोन दिवसांनी, ३१ जानेवारी १९१८ च्या रात्री, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीतून मे बेटाजवळून ताफा बाहेर पडत असताना के पाणबुड्यांच्या दोन तुकड्या मोठ्या युद्धनौकांच्या मधोमध चालत होत्या. दिवे जवळजवळ विझवलेले होते आणि समुद्रावर धुके होते. के-१४ चे सुकाणू अडकले आणि मागून येणारी के-२२ तिच्यावर आदळली. त्यानंतर तासा-दीड तासात आणखी टकरी होत गेल्या. के-४ आणि के-१७ बुडाल्या, इतर अनेक नौकांचे नुकसान झाले आणि शंभराहून अधिक खलाशी मेले. शत्रूची एकही नौका आसपास नव्हती. संपूर्ण युद्धात 'के' वर्गाचा शत्रूला लागलेला एकमेव टॉर्पेडो फुटलाच नाही.

बॉयलर आणि धुराडी हा या दुर्घटनांचा ठळक धडा होता आणि तो घेतला गेला. दुसरा धडा अधिक अवघड होता. मे बेटाजवळच्या टकरींना वाफ कारण नव्हती. पाण्याबरोबर समतल असलेली, अंधारात जवळजवळ न दिसणारी, वळायला मंद अशी लांबलचक नौका मोठ्या जहाजांच्या रांगेत चालवली, हेच त्यांचे कारण होते. म्हणजे दोष यंत्रात जेवढा होता तेवढाच कल्पनेतही होता. पण सुंभ जळाले तरी पीळ जात नाही, तशी ती कल्पना कायम राहिली आणि डिझेल इंजिने सुधारण्याची वाट पाहत बसली.

समस्या

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ती वाट संपल्यासारखी वाटली. सुपरचार्जर लावून, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबून, दोन डिझेल इंजिनांतून दहा हजार अश्वशक्ती काढता येईल असा हिशेब जुळला. सुपरचार्जरशिवाय ती आठ हजार भरत असे. आता वाफ नको, धुराडे नको आणि तरीही बावीस नॉट मिळणार होते. १९२९ च्या बांधणी कार्यक्रमात थेम्सला मंजुरी मिळाली ती या बळावर.

पण पाण्यावरून धावणाऱ्या जहाजाचा वेग वाढवायचा, तर लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटचे चार-पाच नॉट सर्वांत महाग पडतात. पुढे १९३० च्या दशकाच्या मध्यावर आखलेल्या 'टी' वर्गाच्या पाणबुडीला सव्वापंधरा नॉटसाठी अडीच हजार अश्वशक्ती पुरली. थेम्सला त्याहून सात नॉटही अधिक मिळत नव्हते आणि त्यासाठी चौपट शक्ती खर्ची पडत होती. आकारातील फरक जमेस धरला, तरी हा सौदा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. एवढी इंजिने बसवायची म्हणजे लांबी वाढते, लांबी वाढली की वजन वाढते, आणि वजन वाढू द्यायचे नसेल तर ते दुसरीकडून कापावे लागते.

ते कापले गेले पाण्याचा दाब झेलणाऱ्या कवचातून. कवचाचा पत्रा पातळ केला गेला आणि बुडीची मर्यादा २०० फुटांवर, म्हणजे सुमारे ६१ मीटरवर आली. त्याच काळातील 'ओ', 'पी' आणि 'आर' वर्गांच्या पाणबुड्या ३०० फुटांपर्यंत जाऊ शकत होत्या. थेम्सची लांबी ३४५ फूट, म्हणजे सुमारे १०५ मीटर होती. आपल्याच लांबीच्या तीन-पंचमांशापेक्षा खाली जाण्याची परवानगी नसलेली पाणबुडी, असे तिचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही. पुढचे टोक तीस अंशांनी खाली झुकले, तर मागचे टोक पृष्ठभागाला टेकलेले असतानाच पुढचे टोक पन्नास मीटरच्या खाली गेलेले असेल. घाईची बुडी मारताना चुकीला किती जागा उरत होती, हे यावरून कळते.

याहून मोठा प्रश्न वेगाच्या लक्ष्याचाच होता. १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे नव्या बॅटलशिपा बांधणे थांबले होते, म्हणून ताफ्याचा वेग जणू गोठला होता. नेल्सन वर्गाच्या बॅटलशिपा २३ नॉटने जात आणि जुन्या रिव्हेंज वर्गाच्या २१ नॉटने. बावीस नॉटची पाणबुडी त्यांच्याबरोबर कशीबशी टिकली असती. पण हा वेग करारामुळे गोठलेला होता, आणि कराराची मुदत संपताच तो वितळणार हे कोणालाही दिसण्याजोगे होते. १९३७ मध्ये बांधणी सुरू झालेल्या किंग जॉर्ज पाचवा वर्गाच्या बॅटलशिपा २८ नॉटच्या होत्या. थेम्स ज्या ताफ्यासाठी बांधली गेली, तो ताफा म्हातारा होत चालला होता.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय होता ताफ्याबरोबर धावणाऱ्या पाणबुडीची कल्पनाच सोडून देण्याचा. जे-१ चा अनुभव आणि मे बेटाजवळचा अनुभव, हे दोन्ही त्याच दिशेने बोट दाखवत होते. शिवाय एक व्यावहारिक अडचण होती, जिच्यावर पुरेशी चर्चा झाली नाही. पाणबुडीने एकदा बुडी मारली की ती दहा नॉटवर येते, तेही बॅटरी टिकेल तेवढाच वेळ. ताफा पुढे निघून जातो. तिला संदेश पोहोचवणे कठीण होते आणि परत ताफ्यात येताना आपल्याच विनाशिकांनी तिला शत्रू समजून चिरडू नये याची खात्री देणे त्याहून कठीण. म्हणजे लढाईपूर्वी ताफ्याबरोबर राहण्यासाठी जो वेग विकत घेतला, तो लढाई सुरू झाल्याच्या क्षणी निरुपयोगी होत होता.

दुसरा पर्याय मध्यम आकाराच्या, दूरच्या सागरांत एकटीने गस्त घालणाऱ्या पाणबुड्यांवर भर देण्याचा होता. 'ओ', 'पी' आणि 'आर' वर्ग याच हेतूने, विशेषतः जपानविरुद्धच्या संभाव्य युद्धाकडे पाहून बांधले गेले होते. त्यांच्यात एक गंभीर दोष होता. बाहेरच्या बाजूला असलेल्या, रिव्हेट मारून जोडलेल्या त्यांच्या इंधनटाक्यांमधून तेल झिरपे आणि पृष्ठभागावर त्याचा माग उमटे. लपून राहणे हाच जिचा धर्म, तिच्या मागे तेलाची रेघ. हा दोष दूर करण्यात आखणीकारांची बुद्धी आणि पैसा खर्च करणे हा आकर्षक नसलेला, पण मोलाचा पर्याय होता.

तिसरा पर्याय अवाढव्य क्रूझर-पाणबुडीचा होता. १९२५ मध्ये सेवेत आलेल्या एक्स-१ वर ५.२ इंची चार तोफा होत्या. तिच्या इंजिनांनी इतका त्रास दिला की हा मार्ग आपोआपच बंद झाला आणि १९३६ मध्ये ती मोडीत निघाली.

चौथा पर्याय, म्हणजे बावीस नॉटची डिझेल पाणबुडी, निवडला गेला. त्याच्या बाजूने काहीच नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. मोठा आकार म्हणजे लांबचा पल्ला, अधिक साठा आणि खलाशांना थोडी अधिक जागा. सिंगापूरपलीकडच्या समुद्राचा विचार करणाऱ्या आरमाराला याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. केवळ पल्ल्यासाठी बांधायची असती, तर इतकी इंजिने लागली नसती एवढेच.

प्रत्यक्ष कृती

थेम्सची बांधणी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या बॅरो येथील गोदीत जानेवारी १९३१ मध्ये सुरू झाली. पण त्यापूर्वीच, २२ एप्रिल १९३० रोजी, लंडनच्या नाविक करारावर सह्या झाल्या होत्या. ब्रिटन, अमेरिका आणि जपान या तिघांनाही पाणबुड्यांसाठी प्रत्येकी एकूण ५२,७०० टनांची मर्यादा घालण्यात आली, आणि एका पाणबुडीला सामान्यतः २,००० टनांची.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. थेम्सचे करारानुसार मोजलेले वजन सुमारे १,८०५ टन होते. तशा वीस बांधल्या असत्या, तर ३६,१०० टन, म्हणजे परवानगीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक, एकाच कामाच्या पाणबुड्यांनी खाल्ले असते. उरलेल्या साडेसोळा हजार टनांत भूमध्य समुद्र, उत्तर समुद्र, चीनचा किनारा, सुरुंगपेरणी आणि प्रशिक्षण हे सर्व बसवावे लागले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण येथे शब्दशः लागू होत होती, आणि अंथरुणाचे माप आता आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले होते.

आरमाराने यावर जे केले ते मोठ्या संस्था नेहमी करतात तसेच होते. त्यांनी योजना रद्द केली नाही आणि पुढेही रेटली नाही. १९३१ च्या कार्यक्रमात सेव्हर्न आणि १९३२ च्या कार्यक्रमात क्लाइड अशी वर्षाला एक या बेताने मंजुरी दिली आणि मग हळूच थांबले. सेव्हर्न आणि क्लाइड १९३४ मध्ये पाण्यात उतरल्या आणि १९३५ मध्ये सेवेत आल्या. सेव्हर्न मंजूर झाली तेव्हा थेम्स अजून गोदीत होती. पहिल्या नौकेला ताफ्याबरोबर सरावात धावताना पाहून, तिच्या अनुभवावरून दुसरीचा विचार करावा, एवढी उसंत या वेळापत्रकात नव्हती.

आखणी तांत्रिकदृष्ट्या फसली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बावीस नॉटच्या आसपासचा वेग खरोखर मिळाला. पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या सहा नळ्या आणि एकूण बारा टॉर्पेडो होते. थेम्सवर सुरुवातीला ४.७ इंची तोफ होती; नंतर तिन्हींवर ४ इंची तोफ ठरली. ठरवलेली वस्तू ठरवल्याप्रमाणे तयार झाली. म्हणूनच या प्रकरणात बांधणाऱ्यांकडे बोट दाखवता येत नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने लहान 'एस' वर्गाची बांधणी चालूच होती आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर 'टी' वर्ग आकाराला आला. वजन सुमारे १,०९० टन, वेग सव्वापंधरा नॉट, बुडी ३०० फूट आणि पुढच्या दिशेने एकाच वेळी दहा टॉर्पेडो. थेम्सच्या सहांच्या तुलनेत दहा. वेग सोडल्यावर काय काय परत मिळते, याचा हा लेखी हिशेबच होता. 'टी' वर्गाच्या पुढे ५३ पाणबुड्या बांधल्या गेल्या आणि 'एस' वर्गाच्या ६२.

युद्धातील सेवा आणि निष्पत्ती

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या तिन्ही पाणबुड्यांना ताफ्याबरोबर बॅटलशिपांच्या लढाईत उतरण्याची संधी मिळाली नाही, आणि पुढेही कधी मिळाली नाही. तशी लढाईच झाली नाही. सेव्हर्न आणि क्लाइड प्रथम दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन हल्लेखोर जहाजांच्या शोधात गेल्या. तेथे कामी आला तो त्यांचा पल्ला.

नॉर्वेच्या मोहिमेत १३ मे १९४० रोजी क्लाइडची गाठ विडर या वेषांतर केलेल्या जर्मन हल्लेखोर जहाजाशी पडली आणि तासाभराहून अधिक काळ तोफांची देवाणघेवाण झाली. कोणाचेच विशेष काही बिघडले नाही. तीनही पाणबुड्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना यानंतर महिन्याभराने घडली. २० जून १९४० रोजी रात्री, ट्रॉन्डहाइमहून बाहेर पडलेल्या ग्नायझेनाऊ या जर्मन बॅटलशिपवर क्लाइडने टॉर्पेडो सोडले. त्यांतील एक तिच्या पुढच्या टोकाला लागला आणि तेथे मोठे भगदाड पडले. शार्नहॉर्स्ट ही तिची जोडीदार आधीच जखमी होती. त्यामुळे ब्रिटनवर आक्रमणाचे सावट असलेल्या त्या उन्हाळ्यात जर्मनीची ही दोन्ही मोठी जहाजे दुरुस्तीत अडकली.

या यशाचा संबंध बावीस नॉटशी जोडायचा मोह होतो. पण ग्नायझेनाऊचा वेग तीस नॉटच्या वर होता. तिचा पाठलाग करून तिला गाठणे क्लाइडला शक्य नव्हते. क्लाइड योग्य जागी वाट पाहत होती आणि सावज तिच्यापुढून गेले. हे काम पंधरा नॉटच्या पाणबुडीनेही केले असते. चोवीस वर्षांपूर्वी जे-१ ने जे दाखवून दिले होते, तेच क्लाइडने पुन्हा दाखवले.

थेम्सचे नशीब वेगळे निघाले. १९४० च्या जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या प्रारंभी उत्तर समुद्रातील गस्तीवर असताना ती सर्व खलाशांसह नाहीशी झाली. बहुधा सुरुंगावर आदळून. २६ जुलै रोजी बुडालेल्या लुक्स या जर्मन टॉर्पेडो-नौकेचे श्रेय काही अभ्यासक तिला देतात.

उरलेल्या दोघींना पुढे जी कामे मिळाली त्यांची यादी पाहिली, तर एखाद्या हुशार पण नेमणूक चुकलेल्या कारकुनाची आठवण होते. त्यांनी अटलांटिकमधील व्यापारी जहाजांच्या काफिल्यांबरोबर, जर्मन युद्धनौका आल्यास प्रतिहल्ला करता यावा म्हणून प्रवास केला. काफिला आठ-दहा नॉटने चालणारा. मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपचा शोध चालू असताना त्यांना जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीकडे गस्तीला पाठवले गेले. ताफा बिस्मार्कच्या मागे धावत होता आणि ताफ्याच्या वेगासाठी बांधलेल्या पाणबुड्या दारावर पहारा देत होत्या. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात त्यांनी इटालियन मालवाहू जहाजे बुडवली. सप्टेंबर १९४१ मध्ये केप व्हर्दे बेटांतील ताराफाल उपसागरात जर्मन पाणबुड्यांची गुप्त भेट ठरल्याचे सांकेतिक संदेशांच्या उकलीतून कळले आणि क्लाइडला तेथे धाडण्यात आले. अंधारात टॉर्पेडो चुकले, यू-६७ आणि क्लाइड एकमेकींवर आदळल्या, आणि आपले संकेत फुटले असावेत असा संशय जर्मनीच्या पाणबुडी दलाच्या प्रमुखाला आला. तो संशय पुढे विरला, हे ब्रिटनचे भाग्य. एवढ्या मोलाच्या गुपिताचा धोका पत्करून मिळवले काय, असा प्रश्न या प्रसंगाबाबत अलग विचारण्याजोगा आहे.

क्लाइडचे सर्वांत उपयुक्त काम कदाचित सर्वांत कमी वीरश्रीचे होते. वेढ्यात सापडलेल्या माल्टाला इंधन, दारूगोळा आणि अन्न पोहोचवण्यासाठी मोठ्या पाणबुड्यांचा मालवाहू म्हणून वापर सुरू झाला. अधिक माल मावावा म्हणून क्लाइडच्या बॅटरीच्या तीन भागांपैकी एक भागच काढून टाकण्यात आला. पाण्याखाली टिकण्याची ताकद कमी करून घेतलेला हा निर्णय धाडसी होता. पण त्या क्षणी समोर असलेल्या गरजेकडे पाहून, काय गमावतो आहोत याची पूर्ण जाणीव ठेवून तो घेतला गेला होता. १९२९ च्या निर्णयाशी त्याची तुलना करून पाहावी. दोन्ही वेळा एका गुणासाठी दुसरा गुण विकला गेला. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक दारात उभे होते आणि पहिल्या वेळी ते केवळ कल्पनेत होते.

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही पाणबुड्या हिंदी महासागरात, सिलोनमधील त्रिंकोमालीच्या तळावर आल्या. क्लाइड १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे मोडीत निघाली. सेव्हर्नच्या नशिबी मुंबई आली. १९४६ मध्ये तिचे भंगार येथेच झाले.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा १९१८ नंतरचा. मे बेटाच्या दुर्घटनेची चौकशी टकरी कशा झाल्या याभोवती फिरली. ताफ्याच्या मधोमध पाणबुड्या चालवण्याचा हेतूच तपासला गेला असता, तर डिझेल सुधारण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नसते. वाफ नको, हे उत्तर खरे होते. पण ते अर्धेच होते.

दुसरा टप्पा १९२९ चा. बावीस हा आकडा तेव्हाच्या बॅटलशिपांकडे पाहून ठरला. पाणबुडीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे धरले, तर ती १९४० च्या दशकात कोणत्या जहाजांबरोबर धावेल हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्याचे प्रामाणिक उत्तर तीस नॉटच्या जवळ गेले असते आणि तेवढा वेग अशक्य आहे हे दिसताच योजना कागदावरच थांबली असती. म्हणजे लक्ष्य अधिक कठीण ठरवले असते, तर निर्णय अधिक सोपा झाला असता.

तिसरा टप्पा बुडीच्या खोलीचा. वजन वाचवण्यासाठी शंभर फूट सोडून देणे हा आखणीच्या तक्त्यावरचा तांत्रिक बदल म्हणून पाहिला गेला. ज्यांना ती पाणबुडी लढवायची होती, त्यांच्यासमोर तो 'चार नॉट हवेत की शंभर फूट' असा उघड मांडला गेला असता, तर मला वाटते पाणबुडी दलातील फारच थोड्यांनी नॉट मागितले असते. पाठीवर पाण्यात खोल जाऊन फुटणाऱ्या बॉम्बांचा मारा होत असताना पृष्ठभागावरचा वेग कोणाला आठवत नाही.

चौथा टप्पा १९३० चा. कराराची मर्यादा कळताच वीसचा आकडा जाहीरपणे रद्द करून, थेम्सला एकमेव प्रायोगिक नौका म्हणून वागवता आले असते. तिला दोन हंगाम ताफ्याबरोबर सरावात धावडवून मगच पुढे जायचे ठरवले असते, तर सेव्हर्न आणि क्लाइडच्या सुमारे छत्तीसशे टनांत 'टी' वर्गाच्या आकाराच्या तीन पाणबुड्या बसल्या असत्या. उलट बाजूने, तसे झाले असते तर ग्नायझेनाऊपुढे त्या रात्री क्लाइड नसती, असेही कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच, की तेथे दुसरी कोणतीतरी पाणबुडी असती, आणि तिच्या पुढच्या टोकाला सहाऐवजी दहा टॉर्पेडो असते.

या साऱ्याला एक प्रतिउदाहरण आहे आणि ते टाळणे अन्यायाचे होईल. अमेरिकेनेही ताफ्याबरोबर धावणाऱ्या पाणबुडीचाच ध्यास घेतला होता आणि त्यांच्या गॅटो वर्गाचा वेग एकवीस नॉटच्या घरात होता. पॅसिफिकमध्ये या पाणबुड्यांनी जपानी व्यापारी जहाजांची दाणादाण उडवली. मग वेगात चूक काय होती? एक तर गॅटोने तो वेग सुमारे ५,४०० अश्वशक्तीत, थेम्सच्या जवळजवळ निम्म्या शक्तीत मिळवला, आणि ३०० फुटांची खोली सोडली नाही. दहा वर्षांच्या तांत्रिक प्रगतीचा त्यात वाटा होताच. दुसरे असे, की अमेरिकी पाणबुडीचा 'ताफा' हा शब्द युद्ध सुरू होताच नावापुरता उरला. तिला हजारो मैलांचा पॅसिफिक एकटीने ओलांडून जायचे होते, आणि पृष्ठभागावरील वेग तेथे ताफ्याबरोबर राहण्यासाठी नव्हे, तर रात्री काफिल्याला वळसा घालून पुन्हा त्याच्यापुढे येण्यासाठी कामी आला. सात-आठ नॉटच्या काफिल्यापुढे एकवीस नॉट म्हणजे मोठी चैन होती. थेम्सच्या आखणीकारांनी बावीस नॉटची तुलना शत्रूच्या मालवाहू जहाजांच्या वेगाशी करून पाहिली असती, तर कदाचित त्याच तीन पाणबुड्यांसाठी वेगळे डावपेच, वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा समुद्र निवडला गेला असता. त्यांची तुलना शेवटपर्यंत नेल्सनच्या तेवीस नॉटशीच होत राहिली.